गाठ नव्हे, लेक

दत्ताभाऊंचा फोन आला तेव्हा मी सराव परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. ते नुसतं "बाई... बाई..." एवढंच म्हणत राहिले. शेवटी कुणीतरी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं. अंबडच्या अलीकडच्या वळणावर उसाने भरलेली कुणाची तरी ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती. मागे ना दिवा, ना लाल फडकं. दिवस मावळून गेला होता आणि शैलाची स्कूटी सरळ तिच्यात गेली. दवाखान्यात नेलं, पण ते आपलं न्यायचं म्हणून. शैला माझी मैत्रीण. अंकुशनगरजवळच्या एका शाळेत आम्ही दोघी कितीतरी वर्षं एकत्र शिकवत होतो, मी मराठी आणि ती विज्ञान. दोघीही अंबडला राहायचो, एकाच स्कूटीवर जायचो-यायचो. त्या दिवशी मला ताप होता म्हणून मी घरी होते. दत्ताभाऊ म्हणजे तिचे यजमान. त्यांना त्या दिवशीही वाक्य पुरं करता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याआधीही ते त्यांना फारसं कधी जमलेलं नव्हतं.

ट्रॉली उभी करून निघून गेलेल्या माणसाचं नाव अजून मला कळलेलं नाही. पण शैला कशामुळे मेली, हे आमच्या गल्लीतल्या बायकांना सावडण्याच्या दिवशीच कळून चुकलं होतं. मी ओसरीवर बसले होते आणि माझ्या कानावर येत होतं. एक म्हणाली, "या वयात लेकरू करायचं म्हंजी अंगातली ताकदच जाती की. गाडीवर चक्कर आली असंल." दुसरी म्हणाली, "तवाच सांगितल्तं आम्ही. ऐकलं न्हाई. आता त्या लेकराचं काय?" तिसरीने मान हलवली. मला राहवलं नाही. मी विचारलं, "ट्रॉलीला दिवा नव्हता तो पण हिच्या बाळंतपणामुळंच का?" एकीने पदर नाकाला लावला आणि माझ्या शेजारून उठून पलीकडे जाऊन बसली.

वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी तिच्या आठवणी लिहा, हृद्य लिहा, असं मला सांगण्यात आलं आहे. हृद्य मला जमेल असं वाटत नाही. चौकात शैलाचा मोठा फ्लेक्स लागला होता, भावपूर्ण श्रद्धांजलीचा. त्यावर ज्यांचे हात जोडलेले फोटो होते, त्यातल्या निम्म्यांनी ती जिवंत असताना तिला बेशरम म्हटलेलं मी ऐकलेलं आहे. शाळेतल्या शोकसभेत आमचे मुख्याध्यापक तिला मातृत्वाची मूर्ती म्हणाले. मी मागच्या रांगेत बसले होते, आणि मूर्ती हा शब्द आला तेव्हा मी उठून बाहेर गेले. का गेले, ते पुढे सांगते.

शैला वाटूरची. शेतकऱ्याची पोर, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हाच लग्न करून अंबडला आली. वर्षाच्या आत अश्विनी झाली. सासूबाई कडक, पण सुनेने शिकावं याला त्यांची ना नव्हती. अट एकच, पोरगी माझ्याजवळ राहील. शैला शिकायला संभाजीनगरला होस्टेलवर, पोरगी अंबडला आजीच्या मांडीवर. अश्विनी आजीला आई म्हणायची आणि घरात सगळे शैला म्हणतात म्हणून आईला शैला म्हणायची. सुट्टीत घरी आलेल्या आईकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघायची. हे मला शैलाने एकदा डबा खाता खाता सांगितलं होतं, अगदी सहज. "ताई, पोरगी पहिल्यांदा चालली तवा मी प्राणिशास्त्राचा पेपर लिहून राह्यले होते. पेपर चांगला गेल्ता." एवढं बोलून तिने भाकरीचा तुकडा ठेच्याला लावला. पुढे सासूबाई गेल्या, अश्विनी आईला आई म्हणायला लागली, पण तोवर ती आठवीत गेली होती. मायलेकी एकमेकींशी नीट वागायच्या, पाहुण्यांशी वागावं तसं.

बाकी शैला म्हणजे मोठ्याने हसणारी, मोठ्याने बोलणारी, साडीला कायम खडूचे डाग असलेली बाई. गाडी मात्र इतकी हळू चालवायची की मागे बसून मी स्वेटर विणला असता. सायकलवाले आम्हाला ओलांडून जायचे आणि वळून बघायचे. म्हणून तो चक्कर आल्याचा शोध मला जास्तच झोंबतो. ती ट्रॉलीत गेली कारण ट्रॉली दिसतच नव्हती. हे एक वाक्य मी इथे छापून आणायचं ठरवलं होतं, ते झालं.

आमच्या भागात बाईने चाळिशी ओलांडली की तिच्या गर्भाशयावर सगळ्या गावाचा हक्क सुरू होतो. त्याला कुणी गर्भाशय म्हणत नाही, पिशवी म्हणतात. कंबर दुखली, पिशवी काढून टाका. अंगावरून जास्त गेलं, पिशवी काढून टाका. ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांनी काम बुडतं म्हणून काढली, नोकरीवाल्या बायका कटकट नको म्हणून काढतात. शैलाच्या जावेची काढलेली, नणंदेची काढलेली, शेजारणीची काढलेली. त्या सगळ्या जणी एखाद्या भिशीत नवी मेंबर घ्यावी तशा उत्साहाने शैलाच्या मागे लागल्या होत्या. तिची पाळी वर्षभर मागेपुढे होत होती, कधी फार, कधी नाहीच. मग बंदच झाली. गावातल्या एका डॉक्टरने पाच मिनिटांत निकाल दिला. "एक मुलगी आहे ना? तिचं लग्न झालं ना? मग काय ठेवून करायचंय?" दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन ठरलं, म्हणजे शाळेची रजा वाचेल. हे इतकं बिनबोभाट ठरलं की मीसुद्धा तिच्याबरोबर जालन्याला निघताना फक्त थर्मास घेतला का, एवढंच विचारलं.

जालन्याला ऑपरेशनच्या आधी सोनोग्राफी करायची होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. पोटावर यंत्र फिरवता फिरवता त्या थांबल्या, परत फिरवलं, परत थांबल्या. मी म्हटलं, झालं, गाठ निघाली. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला पोटात काही हलल्यासारखं वाटत नव्हतं का?" शैला म्हणाली, "वाटत व्हतं की. ग्यास हाय असं वाटलं." डॉक्टरीणबाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. तिथे एक हात होता. बोटांसकट, कुणाला तरी थांब म्हणावं तसा वर केलेला हात. चौथा महिना संपत आला होता. आम्ही तिची पिशवी काढून टाकायला नेली होती आणि आत लेकरू होतं... शैला आधी हसली. असली हसली की ते टेबल हललं आणि बाहेरची नर्स आत डोकावली. मग तोंडावर हात घेऊन म्हणाली, "ताई, मी विज्ञान शिकवते हो. दरसाल फळ्यावर आकृती काढते." आणि रडायला लागली.

दत्ताभाऊ चहा आणायला गेले होते. ते आले, त्यांना सांगितलं, त्यांनी चहाचे दोन्ही ग्लास टेबलावर ठेवले आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "कुणाला... म्हणजे कुणालाच..." परत येताना गाडीतूनच त्यांनी थोरल्या भावाला फोन लावला. अडखळत गाठ आहे म्हणाले, औषधं दिलीत, ऑपरेशन पुढे ढकललंय. शैला शेजारी बसून ऐकत होती. तिच्या नवऱ्याला बायकोच्या पोटात लेकरू आहे हे सांगण्यापेक्षा गाठ आहे हे सांगणं जास्त इभ्रतीचं वाटलं. दत्ताभाऊ दुष्ट नाहीत, हे मला माहीत आहे. पण दुष्ट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

आणि मग गाठीला बघायला माणसं यायला लागली. सफरचंदं आली, नारळपाणी आलं. जावेने कुठल्याशा बाबाचा अंगारा आणला. ज्या बायका तिला एरवी ओळख द्यायच्या नाहीत त्या हात हातात घेऊन बसायला लागल्या. गाठ झालेली बाई सगळ्यांना फार आवडली. घरातल्या घरात मात्र वेगळंच चाललं होतं. थोरले दीर आले, दार लावून बसले. पाडून टाकायचं, अजून वेळ आहे, जावई काय म्हणतील, व्याही काय म्हणतील. वाटूरहून भाऊ आले आणि तेच बोलून गेले. डॉक्टरीणबाईंनी शैलाला काहीही लपवून ठेवलं नव्हतं. या वयात साखर वाढू शकते, रक्तदाब वाढू शकतो, लेकरात दोष असू शकतो, तपासण्या कराव्या लागतील आणि त्यांचा निकाल वाईटही येऊ शकतो, हे तिने माझ्यासमोर ऐकलं, दोन-तीन प्रश्न विचारले, आणि तपासण्या केल्या. निकाल चांगला आला. साखर वाढली, तर गोड बंद केलं आणि इंजेक्शन घ्यायला शिकली. मी तिला विचारलं की नक्की ना? ती म्हणाली, "तुम्हाला विचारून न्हाई राह्यले ताई, सांगून राह्यले. या वेळेला मला सगळं बघायचंय. पहिलं पाऊल, पहिला दात, समदं. तुम्ही फक्त दवाखान्यात संगं या." मी गेले. प्रत्येक वेळी गेले. त्याबद्दल मला शैलाच्या दिरांनी घर मोडणारी बाई म्हटलं, ते मी अजून जपून ठेवलं आहे.

गाठीचं सोंग संक्रांतीपर्यंत टिकलं. हळदीकुंकवाला शैलाच्या घरी बायका जमल्या होत्या. तिची मावससासू, ऐंशीकडे झुकलेली, तिच्या पोटाकडे बघून कळवळली. "लई वाढली गं बाई गाठ. केवढी हाय आता?" शैलाच्या हातात तिळगुळाची वाटी होती. तिने मावशींच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "आजूक दोन-अडीच महिने वाढंल मावशी. लाथा बी मारून राह्यली. हात लावून बघा." म्हातारीने खरंच हात लावला. आणि तिच्या तोंडावर जे आलं ते मला फार आवडलं, कारण ती एकटी हसली. बाकीच्यांनी वाण उचललं, कुंकू न लावता गेल्या दोघी-तिघी. संध्याकाळपर्यंत अंबडला माहीत नाही असं कुणी राहिलं नाही. दत्ताभाऊ आठवडाभर कचेरीतून मागच्या गल्लीने घरी यायचे.

आता मुख्याध्यापकांचं. दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहे. एरवी तो धडा आमच्या भागातल्या शाळांत "घरी वाचून घ्या" असाच शिकवला जातो. शैला नीट शिकवायची, आकृती काढून, मुलामुलींना एकत्र बसवून. त्या वर्षी सरांनी तिला बोलावून घेतलं. मी तिथेच होते. सर टेबलावरच्या काचेकडे बघत म्हणाले, "मॅडम, यंदा तेवढा धडा देशपांडे सरांना घेऊ द्या. तुमची अवस्था बघता... मुलांच्या मनावर काय परिणाम होईल?" शैला म्हणाली, "सर, यंदाच तर बराबर समजंल त्यांना." ती गेली आणि तिने शिकवलं. एवढं मोठं पोट घेऊन फळ्यापाशी उभी राहिली. एका पोराने मागून काहीतरी शब्द टाकला, वर्ग फिदीफिदी हसला. तिने खडू खाली ठेवला आणि म्हणाली, "तू पण इथूनच आलास. तुझ्या आईला घरी जाऊन सांग, मॅडमनी नमस्कार सांगितलाय." आणि उरलेली आकृती पुरी केली. सरांनी तिला मेमो दिला. तेच सर, तीच मूर्ती. म्हणून मी उठून गेले.

हे सगळं तिने हसत पचवलं. एक गोष्ट पचली नाही, ती अश्विनीची.

अश्विनीचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, भोकरदनला दिली होती. नेमकी त्याच दिवसांत तीही गरोदर. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. त्यात तारीख आईच्या तारखेनंतर दोन महिन्यांनी. लेकीच्या सासरी हे कळल्यावर काय झालं असेल, ते सांगायला नको. विहीणबाईंनी फोनवर सांगितलं, "एका छपराखाली दोन बाळंतिणी आमच्यात चालत न्हाईत. आणि आमच्या सुनेनं तिथं जाऊन आईची न्हाणी काढायची का?" हे विहिणीचं झालं, त्या बाईकडून मी दुसरी अपेक्षा केली नव्हती. पण नंतर अश्विनीचा फोन आला. शैलाने तो स्टाफरूममध्ये घेतला, माझ्या शेजारी बसून, म्हणून मला सगळं ऐकू आलं. "आई, मला लोकांसमोर मान वर करता येऊन न्हाई राह्यली. काकांनी सांगितलं तवाच पाडायचं व्हतं. आता मी माहेरी येत न्हाई." शैला म्हणाली, "अगं, तुझं पण मीच करीन. दोघींचं करू. शेजारी सुमनबाई हाये, ताई हाये." मग अश्विनी म्हणाली, "माझ्या टायमाला तू नव्हतीस. आता दुसऱ्या लेकराच्या टायमाला बरी घरी बसून राह्यलीस." आणि फोन ठेवला.

त्या वाक्यात खोटं काही नव्हतं, हे मला कळतं. तरी मी अश्विनीला ते वाक्य माफ केलेलं नाही. शैलाने फोन पर्समध्ये ठेवला, वही-खडू घेतला आणि तासाला गेली. दुपारी डबा उघडलाच नाही. घरी जाताना गाडीवर मला पाठमोरीच म्हणाली, "खरंच बोलली ना ती, ताई." मी काही बोलले नाही. बोलले असते तर ती गाडी थांबवून रडली असती, आणि रस्त्याने ओळखीचे सगळे येत-जात होते.

शैलाला जालन्याच्या दवाखान्यात मुलगी झाली, सिझर करून. लेकरू चांगलं धडधाकट, काळंभोर जावळ, डॉक्टरीणबाईंनी पाठ थोपटायच्या आधीच रडलेलं. ओवी नाव ठेवलं. वाटूरचे भाऊ बाळंतविडा घेऊन आले नाहीत, त्यांना म्हणे पेरणीची घाई होती. उन्हाळ्यात कसली पेरणी, ते मी विचारलं नाही. शेजारच्या सुमनबाईंनी ओवीला न्हाऊ-माखू घातलं, मी डिंक-खारीक कुटली. टाके ओले असताना शैलाने पलंगावर बसल्या बसल्या जास्तीचे लाडू वळले, अर्धे स्वतःचे म्हणून आणि अर्धे लेकीचे. स्वतःला साखर, म्हणजे तिला ते खायचेच नव्हते, सगळे लेकीसाठीच होते हे माझ्या नंतर लक्षात आलं. अश्विनीला भोकरदनलाच मुलगा झाला. दत्ताभाऊंनी लाडवांचा डबा भोकरदनच्या गाडीवर ओळखीच्या कंडक्टरकडे दिला. दोन दिवसांनी तोच डबा तसाच परत आला, झाकणाला बांधलेली सुतळीसुद्धा न सोडता. बारशाचं बोलावणं आलं नाही. नातवाचं नाव अर्णव ठेवल्याचं शैलाला व्हॉट्सअॅपवरच्या फोटोवरून कळलं. तो फोटोही जावयाने सगळ्यांना पाठवला त्यात तिला आलेला.

नंतरची जवळजवळ तीन वर्षं अश्विनी अंबडला आली नाही. दत्ताभाऊ अधूनमधून भोकरदनला जायचे, एकटे, चोरी केल्यासारखे, आणि परत येऊन काही सांगायचे नाहीत. पण या तीन वर्षांत शैला दुःखी होती असं मात्र कुणी म्हणू नये. हे मला त्या ओसरीवरच्या बायकांना ऐकवायचं आहे. ती दमायची, गुडघे दुखायचे, औषधाच्या गोळ्या वाढल्या होत्या, ओवी ताप काढायची तेव्हा हिचे डोळे सुजून यायचे. दुकानदार "नातीला काय देऊ" विचारायचे तेव्हा "माझीच हाय, लेकीला द्या" असं ती सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगायची. एका रविवारी ओवी अंगणात पहिल्यांदा चालली. दुसऱ्या दिवशी शैलाने दहावीच्या दोन्ही तुकड्यांना, शिपायाला, दूध घालणाऱ्याला आणि गेटवर ट्रॅक्टर उभा करून बसलेल्या एका अनोळखी माणसाला ते सांगितलं. पोरगी कशी उठली, कशी कण्हली, तुळशीपर्यंत कशी आली, हे ती प्रत्येकाला स्वतः डुलत चालून दाखवायची. मी एवढी सुखी बाई दुसरी पाहिलेली नाही, आणि माझं वय पन्नाशीच्या पुढे आहे.

... आणि मग ती ट्रॉली.

तेराव्याला सगळे जमले. अश्विनी मातीला आली होती ती राहिलीच होती, अर्णवला घेऊन. एका कोपऱ्यात बसून असायची, कुणाशी बोलायची नाही. मीही तिच्याशी बोलले नाही. जेवणं उरकली आणि थोरल्या दिरांनी बैठकीत विषय काढला. ओवीचं काय. दत्ता एकटा, कचेरी करून लेकरू कसं सांभाळणार. संभाजीनगरला त्यांची पुतणी आहे, तिला मूलबाळ नाही, तिच्याकडे देऊन टाकू, रीतसर कागद करू, लेकरू पण सुखात राहील. वाटूरच्या भावांनी माना डोलावल्या. त्यांच्या माना डोलवायला सदा तयार असतात. दत्ताभाऊ चटईची काडी काढत बसले होते. मी म्हटलं, "शेळीचं करडू आहे का देऊन टाकायला? तिला बाप आहे." दीर म्हणाले, "बाई, तुम्ही घरच्या न्हाईत. एक तर या समद्याला तुम्हीच पाठिंबा दिल्ता." मी दत्ताभाऊंकडे बघितलं. ते काडी काढतच राहिले. ओवी जाणार, हे मला त्या वेळी दिसत होतं. शैलाने एवढ्या लोकांशी भांडून जे मिळवलं ते पत्रावळी उचलायच्या आत वाटून टाकलं जाणार होतं.

तेवढ्यात अर्णव आणि ओवी आतून पळत आले. दोघं एका उंचीची, एकाच चमच्यावरून भांडत. पाहुण्यांत आलेल्या एका म्हातारीने ओवीला जवळ ओढलं आणि लाडाने विचारलं, "कोण गं तू बाळा?"

ओवी सरळ उभी राहिली. हात छातीवर ठेवला. "मी मावशी," म्हणाली. मग अर्णवकडे बोट दाखवलं. "अन्नव माझं बाळ."

म्हातारीला वाटलं नीट ऐकू आलं नाही, तिने परत विचारलं. ओवीने परत सगळं तसंच केलं, हात, छाती, बोट. आणि मग ती तशीच उभी राहिली, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत, कशाची तरी वाट बघत. दारात सुमनबाई ताटं घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्याडम रोज शिकवायच्या. मोबाईलवरचा बाळाचा फोटू दाखवायच्या आन् इचारायच्या, तू कोण? बराबर सांगितलं की टाळ्या वाजवायच्या. टाळ्यासाठी थांबलीय ती."

टाळ्या कोण वाजवणार? तेराव्याचं घर. ओवी दाराकडे बघायला लागली, तिथून कुणी येईल म्हणून. तिचा ओठ खाली वळायला लागला... आणि कोपऱ्यात बसलेल्या अश्विनीने टाळ्या वाजवल्या. आधी आवाज न होणाऱ्या, मग चांगल्या मोठ्या. रडत होती आणि वाजवत होती. ओवीला हवं ते मिळालं, ती चमचा घेऊन पळाली. अश्विनी डोळे न पुसता शैलाच्या दिरांना म्हणाली, "काका, ती कुठं जाणार न्हाई. माझ्या लेकराची मावशी हाय ती." दिरांनी दत्ताभाऊंकडे बघितलं. आणि दत्ताभाऊंनी, मी ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदा, वाक्य पुरं केलं. "माझी लेक माझ्याजवळ राहील," म्हणाले.

याला आता दोन महिने होत आले. अश्विनी महिनाभर राहून भोकरदनला गेली, पंधरा दिवसांनी परत येते म्हणाली आणि खरंच आली. विहीणबाईंनी काय म्हटलं ते तिने सांगितलं नाही. मी अजून तिच्याशी कामापुरतंच बोलते. दिवसा ओवी सुमनबाईंकडे असते, संध्याकाळी दत्ताभाऊ तिला बोटाला धरून पुढच्या गल्लीने भाजी आणायला नेतात, मागच्या नाही. परवा मी बरोबर होते. ओसरीवर बसून शैलाच्या मरणाचं कारण सांगणारी ती शेजारीण समोरून आली. दत्ताभाऊंना बघून तिने चेहरा पाडला, ओवीच्या गालाला हात लावला आणि सवयीने विचारलं, "कोण गं तू?" ओवीने हात छातीवर ठेवून सांगितलं आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागे एक रिक्षा थांबली, रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, दत्ताभाऊंनी बोट ओढलं, पण ती हलेना. मी त्या बाईला सांगितलं, "टाळ्या वाजवल्याशिवाय ती जागची हलत नाही." तिने पिशवी खांद्याला अडकवली, इकडेतिकडे बघितलं, आणि वाजवल्या.